सतरा नंबरच्या खाली

जुन्या सायकलचा मूळ रंग बघायचा असेल तर तिला उलटी करावी. पंक्चरवाले करतात तशी, सीट आणि हँडलवर. मग दोन पायडलांच्या मधोमध, जिथे फ्रेमच्या नळ्या एकत्र येतात आणि आतून पायडलचा आस जातो, तो जाड गोल डबा दिसतो. त्याला बॉटम ब्रॅकेट म्हणतात. त्याच्या पोटाखाली पन्नास-साठ वर्षांचं ग्रीस आणि धूळ यांचा थर बसलेला असतो. रॉकेलमध्ये बुडवलेल्या फडक्याने तो पुसला की खाली जो रंग दिसतो, तो बऱ्याचदा कारखान्यातून निघाला त्या दिवशी होता तसाच असतो. तिथे ऊन पोचलेलं नसतं, पावसाचं पाणी ग्रीसने अडवलेलं असतं आणि रंगवणाऱ्याचा ब्रश तिथपर्यंत जायचा कंटाळा करतो.

अशा अजून दोन-तीन जागा असतात. दिव्याच्या क्लॅम्पखाली, चेनकव्हरच्या आतल्या बाजूला, आणि हँडलखाली फ्रेमवर बसवलेल्या पितळी मोनोग्रामच्या मागे. जुन्या सायकली जमवणारे लोक पहिल्यांदा या जागा बघतात. गंज किती आहे, टायर आहेत का, हे नंतर. कारण गंज काढता येतो, टायर नवे मिळतात, पण कारखान्याचा रंग एकदा गेला की गेला. या लोकांचं एक ठरलेलं वाक्य आहे: ओरिजिनल एकदाच असतं.

हे वाक्य मला फार आवडायचं. गेल्या वर्षभरात ते मला जरा अपुरं वाटायला लागलंय. का, ते सांगण्यासाठी आधी त्या रंगाबद्दल सांगावं लागेल. कारण तो रंग काय चीज आहे हे माहीत नसेल, तर एका सायकलवरून आमच्या घरात दोन महिने जे चाललं होतं ते निव्वळ वेडेपणा वाटेल.

*

सायकल काळीच का असायची? आपल्या डोळ्यांपुढे ‘जुनी सायकल’ म्हटलं की काळी, उंच, मधल्या दांडीची सायकलच येते. लाल नाही, निळी नाही. मला वाटायचं की मळखाऊ रंग म्हणून असेल. पण याचं उत्तर चहाच्या ट्रेमध्ये आहे.

सतराव्या शतकात चीन आणि जपानमधून लाखेसारख्या चकचकीत लेपाच्या वस्तू युरोपात जायला लागल्या. पेट्या, वाट्या, तबकं. तो लेप एका विशिष्ट झाडाच्या चिकापासून बनतो आणि ते झाड युरोपात नव्हतं. मग तिथल्या कारागिरांनी नक्कल शोधली. जवसाचं तेल, राळ आणि डांबरासारखा काळा अस्फाल्ट एकत्र करून वस्तूवर लावायचा आणि भट्टीत भाजायचा. थंड झाला की घासायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा भाजायचा. या कामाला इंग्लंडमध्ये नावच पडलं ‘जपानिंग’. वुल्वरहॅम्प्टन आणि बिल्स्टन ही गावं यासाठी प्रसिद्ध झाली. तिथून पत्र्याचे काळे ट्रे, चहाचे डबे, कोळशाच्या पेट्या निघायच्या, वर सोनेरी नक्षी.

या वुल्वरहॅम्प्टनमध्ये जॉन मार्स्टन नावाच्या माणसाचा जपानिंगचा कारखाना होता. १८८७ मध्ये त्याने सायकली करायला घेतल्या आणि नाव दिलं सनबीम. ट्रेसाठी जे लागायचं तेच सायकलला लागलं: भट्ट्या, काळा लेप, आणि काळ्यावर सोन्याची बारीक रेघ ओढू शकणारे हात. खोल काळा चकचकीत रंग आणि त्यावर सोनेरी रेघा ही सनबीमची ओळख बनली. म्हणजे सायकलवरची ती सोनेरी रेघ चहाच्या ट्रेची वारस आहे.

काळा रंग हा आवडीपेक्षा रसायनाचा भाग होता. अस्फाल्ट मुळातच काळा. शिवाय तेलाचा लेप भट्टीत भाजला की तो पिवळसर तपकिरी पडतो. पांढरा किंवा फिका निळा असा भाजला तर नासतो, काळ्याला काही होत नाही. फोर्डची मॉडेल टी गाडी १९१४ पासून दहाएक वर्षं फक्त काळ्या रंगात मिळायची, त्यामागेही असाच भाजून वाळवायचा काळा लेप होता.

भाजल्यामुळे आणखी एक गोष्ट होते, आणि ती पुढे महत्त्वाची आहे. आपण हार्डवेअरच्या दुकानातून डबा आणून ब्रशने जो ऑइलपेंट लावतो, तो हवेत हळूहळू वाळतो. भट्टीतल्या रंगाचे रेणू उष्णतेने एकमेकांत घट्ट गुंफले जातात. तो काचेसारखा कडक होतो. नख रुतत नाही, रॉकेलने विरघळत नाही. पुढे त्याच्याखाली आणखी एक थर आला. १९०६ मध्ये थॉमस कॉस्लेट या इंग्रज माणसाने लोखंडाला फॉस्फेटचा लेप देऊन गंज रोखायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या सायकलच्या कारखान्यांत पोचल्या. आधी फॉस्फेट, मग रंगात बुडवणं, मग भट्टी, मग रेघा, मग नावाचे छाप, आणि सगळ्यावर पारदर्शक वॉर्निश. सत्तर वर्षांनीही ग्रीसखालचा तो काळा चकाकतो, त्यामागे एवढं सगळं आहे.

*

रेघा मात्र शेवटपर्यंत हाताने.

लांब केसांचा बारीक ब्रश रंगात बुडवायचा, करंगळी नळीला टेकवायची आणि तिच्या आधाराने हात एका दमात सरकवायचा. मधेच थांबलं की गाठ दिसते. एका फ्रेमवर अशा कितीतरी रेघा. नळीच्या दोन्ही अंगांना, चिमट्याच्या दोन्ही पायांवर, मडगार्डच्या कडेने. काही सायकलींवर जाड रेघेच्या शेजारून अगदी केसाएवढी दुसरी रेघ असते. ती बघताना मला नेहमी वाटतं की हिची गरज कोणाला होती? सायकल तिच्याशिवायही तेवढीच पळते.

हाताची रेघ ओळखायची असेल तर तिचं टोक बघा. सुरुवातीला ती जरा भरलेली असते आणि सुटताना निमुळती होते, कारण ब्रशमधला रंग संपत येतो. जिथे दोन रेघा मिळतात तिथे एक दुसरीवर किंचित चढलेली असते. दोन समांतर रेघांमधलं अंतर मोबाइलवर झूम करून बघितलं तर कमीजास्त होताना दिसतं. स्टिकरची रेघ सगळीकडे सारखी असते. हे काम आजही पूर्ण संपलेलं नाही. रॉयल एन्फिल्ड ही कंपनी मुळात इंग्लंडमधल्या रेडिचची, सायकली करणारी. तिची बुलेट १९५५ पासून मद्रासला बनायला लागली, आणि बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा तिथे हातानेच ओढल्या जात आल्यात. यूट्यूबवर त्याचे व्हिडिओ आहेत. एकदा बघाच. श्वास रोखून बघितले जातात.

मग छाप. कंपनीचं नाव, चिन्ह, गावाचं नाव. हे छाप कागदावर उलटे छापलेले असायचे. फ्रेमवर चिकट वॉर्निश लावून कागद दाबायचा, पाण्याने भिजवून अलगद सोडवायचा, की सोनेरी अक्षरं फ्रेमवर राहायची. रॅलेच्या सायकलवर तिरक्या नळीवर नाव असायचं, जोडीला ‘ऑल-स्टील बायसिकल’ ही मिरवायची ओळ, आणि पुढच्या मोनोग्रामवर बगळ्याचं डोकं. पायडलच्या चक्रातही बगळ्याची डोकी कापलेली. नॉटिंगहॅममधला हा कारखाना एवढा मोठा होता की त्या गावातल्या कित्येक घरांतलं कोणी ना कोणी तिथे कामाला असायचं. ॲलन सिलिटो हा लेखक पोरवयात तिथे राबला आणि १९५८ मध्ये आलेल्या त्याच्या गाजलेल्या कादंबरीचा नायक सायकलच्याच कारखान्यात लेथवर उभा राहणारा कामगार आहे. रेघ ओढणाऱ्यांची नावं मात्र कुठल्या सायकलवर नसतात.

आणि एक पांढरा तुकडा. काळ्या सायकलच्या मागच्या मडगार्डचं शेपूट पांढरं असतं, हे आपण इतकं बघितलंय की त्याचा प्रश्नच पडत नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांना खालची गावं दिसू नयेत म्हणून ब्रिटनमध्ये रात्री सगळीकडे अंधार ठेवत. त्या अंधारात मागून येणाऱ्या गाडीला सायकल दिसावी म्हणून मागच्या मडगार्डवर पांढरा रंग सक्तीचा होता. युद्ध संपलं, पांढरं शेपूट राहिलं. ते जहाजातून इकडे आलं आणि मग इथल्या कारखान्यांनीही ते तसंच उचललं. त्या अंधारातली ती खूण आजही बाजाराच्या दिवशी दुधाचे कॅन लावून चाललेली दिसते.

इथले कारखाने म्हणजे मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय, १९५१ मध्ये सोनीपतची ॲटलस, १९५६ मध्ये लुधियान्याची हीरो. यातल्या सेन-रॅले आणि टीआय तर थेट इंग्लिश कंपन्यांच्या भागीदारीतून उभ्या राहिल्या. म्हणून आपल्या काळ्या सायकलीवर तोच काळा, तशाच रेघा आणि तेच पांढरं शेपूट आलं. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. तिथे वेगवेगळ्या देशांच्या आणि काळांच्या सायकली शेजारी शेजारी बघता येतात. मला रंगाचा हा नाद जुन्या सायकली अशा जवळून बघत फिरण्यातूनच लागला.

*

आता आमची सायकल. आबांची. म्हणजे माझ्या आजोबांची.

आबा मिरजेत राहायचे आणि नऊ किलोमीटरवरच्या एका गावात प्राथमिक शाळेत मास्तर होते. रोज जाऊन-येऊन अठरा किलोमीटर, तेही निवृत्त होईपर्यंत. २००९ मध्ये ते गेले. त्यानंतर सायकल मिरजेच्या घरात जिन्याखाली होती, तिच्यावर पोती, वर मोडका कूलर. मागच्या वर्षी घराचा तो भाग पाडायचा ठरला तेव्हा मी ती टेम्पोत घालून पुण्याला आणली.

ती रॅले आहे हे सगळ्यांना माहीत होतं, कारण नाव दिसत होतं. पण फक्त नाव. बाकी सायकलवर ब्रशने फासलेला जाड काळा ऑइलपेंट, जागोजागी ओघळ. तिरक्या नळीवर मात्र या काळ्यात एक आयत सोडलेला. ओबडधोबड, कडा वाकड्या. त्या आयतात पिवळट पडलेल्या वॉर्निशखाली सोनेरी अक्षरं. रंगवणाऱ्याने नावाच्या भोवतीने ब्रश फिरवला होता आणि नाव वाचवलं होतं. रिमवर आणि स्पोकवर सिल्व्हर पेंट, थरावर थर. तो बाबांचा. लहानपणी दर दसऱ्याला सायकल धुवायची, सिल्व्हर मारायचा आणि झेंडूचा हार घालायचा, हे त्यांचं काम होतं.

बाबांचं म्हणणं सरळ होतं. सगळं खरवडून पावडर कोटिंग करून टाक. भोसरीला एमआयडीसीत लोक आहेत, वाळूचा मारा करून लोखंड उघडं करतात, पावडर फवारून भट्टीत घालतात, दोनशे अंशाला. चकाचक होऊन येईल.

मी म्हटलं, “बाबा, वरच्या काळ्याखाली कारखान्याचा रंग आहे. रेघा आहेत. वाळू मारली की ते सगळं जाईल.”

“जाऊ दे की. भिकार दिसतंय ते.”

“भिकार नाही, जुनं दिसतंय.”

यावर ते जे बोलले ते मी विसरू शकत नाही. म्हणाले, “अगं, जुनं दिसणं त्यांना परवडतं, ज्यांच्या खिशात नवं घ्यायचे पैसे असतात. आमच्याकडे नव्हते. म्हणून आम्ही रंग मारायचो.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या गोष्टीला मी कौतुकाने ‘पॅटिना’ म्हणते, ती त्यांच्यासाठी वर्गातल्या मुलांनी बोट दाखवायची जागा होती. उडालेला रंग म्हणजे घरात ओढ असल्याची जाहिरात. माझ्या पिढीतले आम्ही आयटीवाले टपरीसारखं फर्निचर असलेल्या कॅफेत तीनशे रुपयांची कॉफी पितो आणि गंजलेल्या पत्र्याचे फोटो टाकतो. बाबांना त्यात काय बघायचं ते कळत नाही, आणि खरं तर का कळावं?

तरीही वाळू मारायला मन होईना. शेवटी तडजोड झाली: आधी वरचा काळा थोडासा काढून बघू, खाली काही शिल्लकच नसेल तर भोसरी.

*

असा रंग काढायची एक पद्धत आहे आणि ती बहुतेक संयमाचीच आहे. पेंट रिमूव्हर वापरायचा नाही, तो वरचा-खालचा असा भेद करत नाही. थिनरही जपून, कारण छाप आणि त्यावरचं वॉर्निश भाजलेलं नसतं, ते पुसून जाऊ शकतं. कोरडं सँडपेपर तर अजिबात नाही. जुन्या रंगांत शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवायचा नियम २०१६ मध्ये झाला, म्हणजे त्याआधीच्या रंगाची धूळ नाकात जाऊ न देणंच बरं. ओलं काम, मास्क, हातमोजे.

पण आमच्या सायकलवर यातलं फारसं काही लागलंच नाही. भाजलेला रंग गुळगुळीत असतो. त्याच्यावर दुसरा रंग टिकवायचा तर आधी तो घासून खरखरीत करावा लागतो, नाहीतर वरच्याला धरायला जागा मिळत नाही. रंगवणाऱ्याने घासलं नव्हतं. त्यामुळे जुनं एटीएम कार्ड तिरकं धरून ओघळाच्या कडेखाली सरकवलं की काळ्याच्या टिकल्या सुटून यायच्या. मधल्या दांडीवर मी एक इंच उघडला. खाली काळा, पण हा वेगळा काळा, खोल, आणि त्यावर सोनेरी रेघ. जाड एक, शेजारी केसाएवढी दुसरी. ती सुटते तिथे निमुळती झालेली.

मी ओरडलेच. बाबा पेपर खाली ठेवून आले, चष्मा कपाळावर चढवून वाकले. बराच वेळ बघत होते. म्हणाले, “हे होतं होय खाली? मी आयुष्यभर या दांडीवर बसलो.” आधी दांडीवर, मग हाफ पायडल, मग सीटवर. ते सगळं त्या रेघांवरून झालं होतं.

आता त्यांनाही हुरूप आला. मागच्या मडगार्डवर त्यांनीच कार्ड चालवायला घेतलं. पांढरं शेपूट निघेल असं आम्हाला वाटत होतं. तसं ते निघालं, पण त्याच्यावर दुसरंच काहीतरी होतं. लाल गोल. गोलात पेंटरच्या वळणदार हाताने काढलेला आकडा: १७. वर अर्धवट अक्षरं, शेवटचा शब्द ‘मार्ट’.

भाड्याच्या सायकलीवर असायचा तसा नंबर. ज्यांनी तासाच्या भाड्याने सायकल घेतली आहे त्यांना तो लगेच ओळखू येतो. तो मुद्दाम मोठा आणि भडक काढायचे, कोणी सायकल पळवली तर गावभर ओळखता यावी म्हणून.

बाबांचे हात थांबले. त्यांना हे माहीत नव्हतं. सायकल आबांनी घेतलेली, एवढंच त्यांना माहीत. मी मिरजेला आजीला व्हिडिओ कॉल लावला आणि कॅमेरा मडगार्डवर धरला. आजी चौऱ्याऐंशीची आहे, डोळे तेज आहेत. क्षणभर बघितलं आणि म्हणाली, “अगं बाई, निघाला का तो सतरा?”

तिने सांगितलं ते असं. लग्न झालं त्याच साली, १९६१ मध्ये, आबांची नोकरी लागली. नव्या सायकलचे पैसे नव्हते. एका भाड्याच्या दुकानाने जुनी सायकल विकायला काढली होती, ती हप्त्याने घेतली. विलायती होती, मजबूत होती, फक्त नंबर होता. आबा पहिल्या दिवशी शाळेत गेले आणि दुसऱ्या दिवसापासून गावातली पोरं वेशीवर उभी राहायला लागली. ‘सतरा नंबर आला रे!’ पुढे तर ‘भाड्याचे मास्तर’. वर्गात फळ्यावर कोणीतरी नुसता १७ लिहून ठेवायचं. आबा छडी उचलणाऱ्यांतले नव्हते. घरी काही बोलायचे नाहीत, जेवताना गप्प असायचे.

“मग एका रविवारी काळ्या रंगाचा लहान डबा आणला,” आजी म्हणाली. “अंगणात सायकल उलटी केली. मी चाक धरून बसले होते. मी म्हटलं, नंबरापुरतंच मारा की, बाकीचं किती छान आहे, सोनेरी. तर म्हणाले, तेवढंच मारलं तर ठिगळ दिसेल. लोक विचारतील, खाली काय आहे.”

म्हणून त्यांनी सगळीच सायकल काळी केली. नंबर झाकायचा म्हणून रेघाही झाकल्या. फक्त नावाभोवतीने ब्रश वळवला. आजी म्हणाली, तिथे त्यांचा हात पुढे जाईना.

*

फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, “जे त्यांनी झाकलं, ते तू उघडं करणार?”

आमच्या कामात कोडमध्ये कोणी, केव्हा, काय बदललं याची सगळी नोंद राहते. हवं तेव्हा मागे जाऊन बघता येतं आणि पुन्हा पुढे येता येतं. रंगाच्या थरांतही नोंद असते, पण तिथे मागे जायचं तर पुढचं खरवडून फेकावं लागतं. नॉटिंगहॅमच्या त्या अनोळखी हाताची रेघ पूर्ण बघायची तर आबांचा रविवार काढून टाकावा लागणार. आणि ओरिजिनल म्हणायचं तरी कशाला? कारखान्यातून निघाली त्या दिवशीच्या सायकलला, की ज्या दिवशीपासून ती आमची झाली त्या दिवशीच्या? जमवणाऱ्या लोकांच्या हिशेबात वरचा ऑइलपेंट म्हणजे कोणीतरी अडाण्याने केलेली घाण. त्या हिशेबात आबा बसत नाहीत.

संग्रहालयांत जुन्या वस्तू दुरुस्त करणारे लोक याचा विचार फार आधीपासून करत आलेत. त्यांची एक साधी शिस्त आहे. जे कराल ते पुढच्या माणसाला उलटवता आलं पाहिजे. जुन्या रंगावर नवा रंग भरायची वेळ आली तर ते आधी मधे पारदर्शक थर देतात. पॅरालॉइड बी-७२ नावाची ॲक्रिलिक राळ त्यासाठी वापरली जाते. ती अ‍ॅसिटोनमध्ये विरघळते. उद्या कोणाला नवा रंग काढायचा असेल तर मधला थर विरघळवला की जुना जसाच्या तसा मिळतो. आणि सगळी वस्तू साफ करायची नसेल तेव्हा ते एक लहानशी खिडकी उघडी ठेवतात, खाली काय आहे हे कळण्यापुरती.

खिडकी तर आबांनीच १९६१ मध्ये उघडी ठेवली होती. नावापुरती.

आम्ही मडगार्डचा फोटो काढला, मोजपट्टी ठेवून, उजेडात. मधल्या दांडीवरचा एक इंच तसाच ठेवला. बाबांची त्याला हरकत नव्हती, रेघांची लाज कोणाला वाटणार? मडगार्डवर मी राळेचा पातळ थर दिला. मग बाबांनी हार्डवेअरच्या दुकानातून काळ्या ऑइलपेंटचा सर्वांत लहान डबा आणला, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि सतरा नंबर झाकला. त्यांचा हात थोडा थरथरतो. एक ओघळ आला. मी पुसायला बोळा पुढे केला, तर म्हणाले, राहू दे, शेजारी बापाचे आहेतच.

आता त्या मडगार्डवर पाच थर आहेत. कारखान्याचा, दुकानाच्या पेंटरचा, आबांचा, माझा न दिसणारा, आणि बाबांचा. मी त्या पेंटरचाही विचार करते. सतरा आकडा त्याने सुंदर काढला होता, एकाला गाठ आणि साताला वळण. त्याने तो कोणाला लाज आणायला काढलेला नव्हता.

हे लिहू का, म्हणून मी बाबांना विचारलं. इतकी वर्षं झाकलेलं मी असं फोनच्या स्क्रीनवर मांडणार, म्हणजे उघडं करणंच झालं ना? ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “लिही. ज्या पोरांनी चिडवलं ती आता सत्तरीची असतील. त्यांनाही वाचू दे. सायकलवर मात्र राहू दे झाकलेलं.”

टायर-ट्यूब नव्या घातल्या, ब्रेकचे रबर बदलले, आसाला ग्रीस भरलं. रविवारी सकाळी बाबा तिच्यावरून दूध आणायला जातात. सोसायटीत एकाने सांगितलं, काका, पावडर कोटिंग करून घ्या, मस्त दिसेल. बाबा म्हणाले, रंग चांगला आहे तिचा.

दसरा जवळ आला तसं त्यांनी विचारलं, रिमला सिल्व्हर मारायचा का? मी म्हटलं, मारा. फक्त या वेळी स्पोक सोडून.